दहाव्याला आलेलं हसू

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली होती. आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. बोलणं जड आहे, पण समजतं सगळं. हल्ली काही महिने त्यांना मधूनच हसू फुटतं. कुणी दारात आलं तरी, बातम्या लागल्या तरी. एकदा सुरू झालं की आवरत नाही, डोळ्यांतून पाणी येतं, कधी हसता हसता रडायलाच लागतात. मग दोन मिनिटांत एकदम गप्प.

परवा नको ते झालं. अण्णांचे चुलतभाऊ तात्या वारले. प्रीतिसंगमावर दहावा होता. पिंड ठेवलेला, कावळा शिवेना, सगळे श्वास धरून उभे. आणि अण्णांना हसू फुटलं. दोघांचं बांधावरून वीस वर्षं वाकडं होतं, त्यामुळे तात्यांच्या घरच्यांनी काय अर्थ काढला असेल ते तुम्ही समजू शकता. तेराव्याचं आम्हाला बोलावणं आलं नाही. तेव्हापासून अण्णा घराबाहेर पडत नाहीत, जेवायलाही सगळ्यांत बसत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली होती. यांनी मोबाइलवर बघितलं तर ती डिप्रेशनची निघाली. "हसणाऱ्या माणसाला डिप्रेशनची गोळी कशाला?" म्हणून चार दिवसांत बंद केली. जाऊबाई म्हणतात देवऋषीकडे नेऊ. शेजारचे काका म्हणतात हसणं चांगलंच की, हास्यक्लबात घाला. अण्णांना वेड लागतंय का? यावर काही औषध आहे का?

ता. क. माझ्या भावाचा मुलगा तीन वर्षांचा आहे. तोही दिवसातून बऱ्याचदा उगाचच हसतो, कधी झोपेतून उठून. सगळ्यांना गोड वाटतं. पण अण्णांचं हे सुरू झाल्यापासून माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जातं. या दोघांचा काही संबंध असेल का?

– एक सून, कराड

ताई,

अण्णांना वेड लागत नाहीये. तुम्ही जे लिहिलंय ते झटक्यानंतरच्या पेशंटमध्ये आम्ही नेहमी पाहतो. त्यावर औषध आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी बहुधा बरोबरच होती. नुसत्या पत्रावरून निदान करायचं नसतं, तेव्हा तपासणी व्हायला हवी. पण तुमचं पत्र इतकं नेमकं आहे की मला फार शोधाशोध करावी लागली नाही. तुमचा ता. क. मात्र ता. क.मध्ये घालण्यासारखा नव्हता. त्याच्याकडे शेवटी येतो.

या त्रासाला आम्ही स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतो. फाइलवर नुसतं 'पीबीए' लिहिलेलं दिसेल. हसण्यासाठी लागणारी सगळी यंत्रणा, म्हणजे गाल ताणणं, श्वास तुकड्या-तुकड्यांनी सोडणं, आवाज काढणं, डोळे भरून येणं, मेंदूच्या अगदी खालच्या भागातून, ब्रेनस्टेममधून चालते. ती जन्मजात असते. तीन-चार महिन्यांचं बाळ खळखळून हसतं, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कधी हसायचं, किती हसायचं, कुठे गिळून टाकायचं हे मात्र वर ठरतं. पुढचा मेंदू लगाम धरतो आणि लहान मेंदू प्रसंग बघून माप ठरवतो. वरून खाली येणाऱ्या या तारा झटक्यात तुटल्या की खालचं यंत्र आपल्या मर्जीनं चालू होतं. तुमच्याकडे कालव्याचं पाणी आहे म्हणून असं सांगतो: पाणी आहे तेवढंच आहे, पाटाचं दार खाली बसत नाही.

म्हणून अण्णांना एवढ्यातेवढ्यानं हसू येतं. दारात माणूस आला, कुणी नाव घेतलं, टीव्हीचा आवाज वाढला, काहीही पुरतं. आणि ताण तर हमखास पुरतो. कावळा शिवेपर्यंतची ती शांतता आठवा. धडधाकट माणसालाही अशा वेळी कधी कधी नको ते हसू येतं आणि तो खोकल्याचं सोंग करून, ओठ चावून ते मागे ढकलतो. अण्णांची हीच मागे ढकलायची ताकद झटक्यानं नेली आहे. हसता हसता ते रडायला लागतात असं तुम्ही लिहिलंत, ती मोठी खूण आहे, कारण हसण्याचं आणि रडण्याचं यंत्र शेजारी-शेजारी असतं आणि दोघांचा लगाम एकच. झटक्यानंतर तर रडण्याचाच त्रास जास्त जणांना होतो. रडणाऱ्याला लोक समजून घेतात, हसणाऱ्याला कुणी घेत नाही, एवढाच फरक.

हसण्याच्या दोन वेगळ्या वाटा असतात हे कदाचित तुम्ही घरातच पाहिलं असेल. झटका आलेल्या पेशंटला आम्ही "दात दाखवा" म्हणतो तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं जातं. त्याच माणसाला नातवाच्या एखाद्या चेष्टेवर खरंखुरं हसू आलं, की कित्येकदा दोन्ही गाल सारखे वर जातात. नातेवाईक चक्रावतात, काहींना वाटतं म्हातारा मघाशी नाटक करत होता. नाटक कसलं, हुकमाची तार वेगळी आणि आपसूक हसण्याची वेगळी. एक तुटली तरी दुसरी शाबूत राहू शकते.

हे काही आजचं ज्ञान नाही. डार्विननं १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं, त्यात मेंदूच्या काही आजारांत आणि अर्धांगवायूत उगाच रडू येतं याची नोंद आहे. १९२४ साली लंडनच्या किनिअर विल्सन या मेंदूविकारतज्ज्ञानं फक्त याच विषयावर मोठा लेख लिहिला. असं असूनही आज झटक्याचा पेशंट घरी सोडताना फिजिओथेरपी, बीपी, साखर, मीठ सगळं बजावून सांगतात आणि "यांना उगाच हसू किंवा रडू येऊ शकेल" हे एक वाक्य राहून जातं. ते तुम्हाला कुणी सांगितलं असतं, तर घाटावरचा प्रसंग टळला नसता कदाचित, पण त्याचा अर्थ तरी भलता निघाला नसता. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साधारण पाच-सहा जणांमागे एकाला हा त्रास होतो. इतक्या नेहमीच्या गोष्टीबद्दल एवढी गुप्तता का पाळतात हे मला कधीच उमगलेलं नाही.

आता त्या अर्थाबद्दल बोलू. १९९८ साली अमेरिकेत एका १६ वर्षांच्या मुलीच्या अपस्माराच्या ऑपरेशनची तयारी चालली होती. फिट कुठून सुरू होते ते शोधायला तिच्या मेंदूवर तारा बसवलेल्या होत्या. पुढच्या मेंदूतल्या डाव्या बाजूच्या एका छोट्या जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला की ती स्मित करायची, प्रवाह वाढवला की मोठ्यानं हसायची. का हसलीस, असं विचारलं की प्रत्येक वेळी ती वेगळं कारण सांगायची. समोर जे असेल ते: घोड्याचं चित्र असेल तर घोडा, डॉक्टर उभे असतील तर डॉक्टर. हसू आधी यायचं आणि कारण मागाहून शोधलं जायचं. ती खोटं बोलत नव्हती. आपल्या सगळ्यांचं मन असंच काम करतं, हसू दिसलं की त्याला कारण चिकटवतं. घाटावर तात्यांच्या मुलांनी तेच केलं. बांधाचं भांडण समोर होतंच, ते हसण्याला चिकटलं.

अण्णांच्या मनात तात्यांबद्दल काय होतं ते मला माहीत नाही. एवढं मात्र नक्की, की ते त्या हसण्यावरून कुणालाच कळणार नाही. असे पेशंट निवांत बोलते झाले की सांगतात, आतून काहीच वाटत नव्हतं. नाहीतर वाईट वाटत होतं आणि तोंड हसत होतं. तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी एकांतात अण्णांपाशी बसून आधी हे सांगा, की तुम्ही मुद्दाम हसला नाहीत हे आम्हाला कळलंय. मग पाहिजे तर विचारा. "का हसलात?" असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही.

तात्यांच्या घरी जायचं असेल तर तुमच्या यजमानांनी जावं, अण्णांना घेऊन नको आणि फोनवर तर मुळीच नको. मेंदूविकारतज्ज्ञाचा कागद हातात आल्यावर जावं. खेड्यापाड्यात डॉक्टरच्या कागदाला अजून वजन आहे, त्याचा उपयोग करून घ्या. त्यांनी लगेच मान्य करावं ही अपेक्षा धरू नका. दुःखातली माणसं आहेत, शिवाय वीस वर्षांचा बांध आहे. तो मोडायचं औषध माझ्याकडे नाही.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मला आवडला: हसणाऱ्या माणसाला डिप्रेशनची गोळी कशाला? औषधं ज्या आजारावर आधी वापरली गेली त्याच्या नावानं ओळखली जातात, मोबाइलवरही तेच येतं. सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या मेंदूतलं सिरोटोनिन वाढवतात, आणि लगामाच्या तारा ज्या रसायनांवर चालतात त्यात सिरोटोनिन महत्त्वाचं आहे. या त्रासासाठी त्या बहुतेक वेळा डिप्रेशनपेक्षा कमी डोसमध्ये पुरतात आणि लवकर लागू पडतात. डिप्रेशन उतरायला चार-सहा आठवडे लागतात; इथे कित्येकांना काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. हसू पूर्ण बंद होईलच असं नाही. पण दिवसात दहादा येणारं दोनदा आलं, दोन मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर आलं, तरी माणूस पुन्हा पंगतीत बसतो. चार दिवसांत गोळी बंद केलीत म्हणजे तिला संधीच मिळाली नाही.

मात्र आता कपाटातली उरलेली पट्टी काढून परस्पर सुरू करू नका. आधी डॉक्टरांना सांगा आणि अण्णांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झटका आलेला आहे म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असणार, आणि तिच्याबरोबर या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते. वयस्कर माणसाच्या रक्तातलं सोडियम यांनी कमी होऊ शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. म्हणून सुरुवातीला सोडियमची एक तपासणी करून घेतात. अण्णा एकाएकी गुंगीत गेले, बरळायला लागले, तर वाट न बघता दाखवा. आणि कधी काळी गोळी थांबवायची झाली तर हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानं.

याच कामासाठी जुन्या पिढीतल्या अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन या गोळ्याही चालतात. स्वस्त आहेत, गुणही देतात. पण ७१ वर्षांच्या माणसाला त्या देताना मी दहादा विचार करतो: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकणं, काचबिंदू असेल तर डोळ्याला धोका, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम, आणि उठताना चक्कर. काठीवर चालणारा माणूस पडला आणि खुबा मोडला, तर हसण्याचा त्रास बरा होता म्हणायची वेळ येते.

खास पीबीएसाठी म्हणून मंजूर झालेली एक जोडगोळी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० साली तिला परवानगी दिली. तिच्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन अशी दोन औषधं आहेत. पहिलं तुमच्या ओळखीचं आहे, कोरड्या खोकल्याच्या औषधांत असतं. दुसरं सिंकोनाच्या सालीतून येणारं, क्विनाइनच्या कुळातलं, एकेकाळी हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरलं जाणारं. गंमत अशी की या गोळीत क्विनिडिन हसण्यावर काहीच करत नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फनला यकृत फार लवकर मोडून टाकतं, ते मोडू नये म्हणून क्विनिडिनची पहाऱ्यावर नेमणूक. पण त्यानं हृदयाचा ताल बिघडू शकतो, म्हणून आधी ईसीजी लागतो. अण्णांना ती द्यायची की नाही हे प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवू शकतील. मी असतो तर आधी तुम्ही बंद केलेल्या गोळीलाच पुरता वेळ दिला असता.

हे वाचून कुणी खोकल्याची बाटली आणून पाजू नका. नुसत्या खोकल्याच्या औषधानं हे काम होत नाही, आणि सर्ट्रालिनसारख्या गोळीबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन पोटात गेलं तर सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, घाबरंघुबरं होणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. उद्या अण्णांना साधा खोकला झाला तरी मेडिकलवाल्याला चालू गोळीचं नाव सांगूनच औषध घ्या.

अण्णा पंगतीत बसत नाहीत, बाहेर पडत नाहीत, हे वाचून मला थोडी वेगळी काळजी वाटली. पीबीएचा झटका मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो आणि माणूस पहिल्यासारखा होतो. पण झोप गेली, भूक गेली, कशातच मन लागत नाही, "आता कशाला जगायचं" असं तोंडी येतं, आणि हे दोन आठवडे रोज चाललंय, तर ते खरोखरचं डिप्रेशन. झटक्यानंतर तेही पुष्कळांना होतं, आणि दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतात. मग गोळीचा डोस आणि मुदत बदलते. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, घाईच्या ओपीडीत कुणी विचारेलच असं नाही.

घरात करायच्या काही गोष्टी आहेत, त्यातली पहिली जेवणाची. झटक्यानं बोलणं जड झालंय म्हणजे गिळणंही थोडं बिघडलेलं असू शकतं. तोंडात घास असताना हसू आलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. हसू सुरू झालं की घास थांबवा, तोंडातला काढता आला तर काढा, ताठ बसवा, पूर्ण शांत झाल्यावरच पुढचा घास. पाणी पिताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. हसण्यापेक्षा हा ठसका जिवाला जास्त धोक्याचा आहे.

हसू येतंय असं अण्णांना स्वतःला एक-दोन क्षण आधी कळत असेल. त्या क्षणी बसण्याची ढब बदलायची, जबडा आणि खांदे सैल सोडायचे, नाकानं सावकाश श्वास घेऊन तोंडानं लांब सोडायचा, लक्ष दुसरीकडे वळवायचं. कुणाला खिडकीबाहेरची झाडं मोजून जमतं, कुणाला मनात पाढे म्हणून. दरवेळी जमणार नाही. "पुरे आता, लोक बघतायत" असं म्हटलंत की ताण वाढतो आणि हसूही. नातवंडं बरोबरीनं हसत असतील तर त्यांना बाजूला घेऊन समजावा, मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. घरी कोणी येणार असेल तर आधीच सांगून टाका: "अण्णांना झटक्यामुळे कधी कधी उगाच हसू येतं, लक्ष देऊ नका." हे एक वाक्य निम्मं काम करतं. आणि बऱ्याच जणांत झटक्यानंतरचं वर्ष उलटता उलटता हा जोर आपोआप कमी होतो, तेव्हा गोळी जन्मभराची समजू नका.

शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा. हास्यक्लबाची चळवळ आपल्या मुंबईतलीच, डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली सुरू केली, आणि बागेत जमून हात वर करून हसणाऱ्यांशी माझं काही वाकडं नाही. पण अण्णांना हसणं सुरू करायला मदत नकोय, थांबवायला हवी आहे. जाऊबाईंचंही मन मोडू नका. देवाला नारळ ठेवला, अंगारा लावला, यानं औषधाच्या आड काही येत नाही. मात्र गोळ्या बंद करा म्हणणारा, मिरचीची धुरी देणारा, अंगावर हात टाकणारा कुणी असेल तर त्याच्या उंबऱ्यावर अण्णांना नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. असं हसू-रडू फक्त झटक्यानंतरच येतं असं नाही. मोटर न्यूरॉन डिसीज, मल्टिपल स्क्लेरॉसिस, डोक्याचा मोठा मार, पार्किन्सनच्या कुळातले काही आजार, काही प्रकारचा स्मृतिभ्रंश आणि ब्रेनस्टेमवर दाब आणणारी गाठ, यांतही येतं. तरुण मुलात उगाच हसण्याबरोबर हात थरथरणं, बोलणं अडखळणं, कावीळ असा मेळ दिसला तर रक्तातल्या आणि लघवीतल्या तांब्याची तपासणी करावी लागते. शरीरात तांबं साठण्याचा हा आजार त्याच किनिअर विल्सननं १९१२ साली सांगितला, त्याच्याच नावानं ओळखला जातो, आणि वेळेत सापडला तर त्यावर औषध आहे. रात्र-रात्र झोप नाही, अखंड बडबड, पैशांची उधळण आणि त्यात हसणं, हे मॅनियाचं चित्र आहे, तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी आजोबा हसत सुटले असतील तर मेंदूचा फोटो काढण्याआधी थंडाईत काय होतं ते विचारा. हे विनोदानं म्हणत नाही. भांगेनं म्हातारी माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. आजवर कधीच असं न झालेल्या माणसाला अचानक न आवरणारं हसू आलं, आणि बरोबर तोंड वाकडं, हात गळलेला, बोलणं बोबडं असं काही दिसलं, तर १०८ला फोन करा. फेरे नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९०३ सालीच लिहून ठेवलंय, की अर्धांगवायूची सुरुवात क्वचित हसण्यानं होते. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ते तास "आज काय फार खुशीत आहेत" म्हणण्यात जातात.

आता तुमचा भाचा. अण्णांचं आणि त्याचं रक्ताचं नातं नाही, आणि झटक्यानंतरचा हा त्रास असाही रक्तातून येत नाही. दोघांचा संबंध काही नाही. पण तुमची नजर बरोबर जागी गेली आहे.

तान्ही बाळं झोपेत हसतात, सटवाई हसवते म्हणतो आपण, त्यात काळजीचं काही नसतं. तीन वर्षांचं मूल दिवसातून अनेकदा, कारण नसताना, दरवेळी अगदी एकसारखं हसत असेल आणि झोपेतून उठूनही हसत असेल, तर ती फिट असू शकते. हसण्याची फिट. आम्ही तिला जिलास्टिक सीझर म्हणतो. ती काही सेकंदांची, फार तर अर्ध्या-एक मिनिटाची असते. सुरू होते तशी पटकन थांबते. चेहरा हसतो पण डोळ्यांत आनंद नसतो, कधी चेहरा लाल होतो, हाक मारली तर ओ येत नाही. हात-पाय झाडत नसल्यामुळे घरात कुणाला फिट वाटतच नाही आणि वर्षं निघून जातात.

याचं एक ठरलेलं कारण म्हणजे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या खोल भागात जन्मापासून असलेली छोटी गाठ, हॅमार्टोमा. कॅन्सर नव्हे, ती पसरत नाही. पण फिट येत राहिल्या तर पुढे दुसऱ्या प्रकारच्या फिट सुरू होतात, शिकण्यात मूल मागे पडायला लागतं, संतापाचे झटके येतात, काहींना फार लहान वयात वयात येण्याची लक्षणं दिसतात. गाठ खोल असल्यामुळे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, सरळ येऊ शकतो, म्हणून 'ईईजी नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. फिटच्या दृष्टीनं, हायपोथॅलॅमसचे बारीक छेद घेऊन केलेला एमआरआय मागा. गाठ सापडली तर फिटच्या औषधांनी तिचं फारसं भागत नाही. पण आज दुर्बिणीतून, बारीक सुईनं उष्णता देऊन, लेसरनं किंवा गॅमा नाइफनं, म्हणजे नेमक्या जागी किरण सोडून, ती निकामी करता येते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, दिल्लीचं एम्स इथे अपस्माराच्या शस्त्रक्रियेचे मोठे विभाग आहेत, मुंबई-पुण्यातही अशा शस्त्रक्रिया होतात. पण हे सगळं फार पुढचं आहे, आज त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. शिवाय उगाच हसण्याचं कारण दुसरंही असू शकतं. उदाहरणार्थ, अँजलमन सिंड्रोममध्ये मुलं फार हसरी असतात, पण ती जवळजवळ बोलत नाहीत आणि चालताना झोकांड्या खातात. भाचा धावतो-बोलतो की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते डॉक्टरांना सांगा.

वहिनीला घाबरवू नका, पण एक काम सांगा. पुढच्या वेळी तो असा हसला की मोबाइलवर चित्रण करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं. चित्रण चालू असताना त्याच्या नावानं हाक मारा, आवडता खेळ समोर धरा, बघतो का पाहा. तारीख, वेळ, आधी काय करत होता, नंतर झोपला का, हे वहीत लिहा. अशी तीन-चार चित्रणं झाली की लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ घ्या. कराडात न मिळाल्यास कोल्हापूर नाहीतर पुणे. अण्णांसाठी आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, पोराची वेळ आधी घ्या.